चोवीस शब्दांची तिजोरी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण पाटावर काय मांडतो? चार नाणी, दागिन्यांची डबी, पेढीवाला असेल तर कोऱ्या चोपड्या, आणि काही घरांत कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगाही. किल्लीला हळदकुंकू वाहण्याची ही चाल कोणी घालून दिली कोण जाणे. पण तो माणूस मोठा व्यवहारी असला पाहिजे. पेटीत कितीही असो, ती ज्याच्या किल्लीने उघडते त्याचेच ते धन, हे त्याला पुरते ठाऊक असावे.

गेल्या पंधरासोळा वर्षांत जगात एक असे धन निपजले आहे की, ज्यात पेटीही नाही आणि नाणेही नाही. आहे ती नुसती किल्ली. वर्तमानपत्रे त्याला आभासी चलन म्हणतात, कोणी कूटचलन म्हणतात. घरातील तरुण मंडळी ‘क्रिप्टो’ म्हणून मोकळी होतात. ते विकत घ्यावे की घेऊ नये, हा या लेखाचा विषय नव्हे. त्याचे भाव वाऱ्यावरच्या वरातीसारखे आहेत. रिझर्व्ह बँकेने त्याबद्दल वेळोवेळी इशारे दिले आहेत. आणि २०२२ च्या एप्रिलपासून त्यावरील नफ्यावर सरकार शेकडा तीस कर घेत आले आहे. एवढे सांगून मी त्या वादातून अंग काढून घेतो. माझा प्रश्न निराळा आहे. ज्यांच्याजवळ ते आहे त्यांनी ते ठेवावे कुठे?

हा प्रश्न माझ्या मनात का यावा, तर मी उमेदीची अठ्ठावीस वर्षे एका बँकेच्या लॉकर-विभागात काढली. सोने कशाने वाढते हे मला कधी कळले नाही. पण ते राखायचे कसे, याबद्दल थोडेसे समजते. म्हणून या नव्या धनाच्या छोट्या तिजोरीची हकिगत कानावर आली तेव्हा मी कान टवकारले. या तिजोरीला ‘हार्डवेअर वॉलेट’ म्हणतात. दिसायला ती काडेपेटीएवढी, फार तर पेनड्राइव्हसारखी.

वही सर्वांची, किल्ली एकाची

तिजोरी समजायची तर आधी धन समजले पाहिजे. २००८ च्या ऑक्टोबरात सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. नावामागचा खरा माणूस कोण, हे आजवर उजेडात आलेले नाही. त्या निबंधातील योजनेप्रमाणे २००९ च्या जानेवारीत ‘बिटकॉइन’ची पहिली नोंद झाली. ‘नोंद’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण बिटकॉइन म्हणजे एक अवाढव्य रोजकीर्द आहे. आपल्या बँकेची वही बँकेपाशी असते. या वहीच्या हुबेहूब प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. कोणत्या खात्यात किती, ते कोणालाही वाचता येते. फक्त खात्यावर धन्याचे नाव नसते. नावाच्या जागी अक्षरांचा आणि आकड्यांचा एक लांबलचक पत्ता असतो.

मग माझ्या खात्यातले दुसऱ्याने का काढू नये? कारण पैसे हलवायचे तर त्या खात्याची सही लागते, आणि सही करायला एक गुप्त संख्या लागते. ही संख्या म्हणजेच किल्ली. ती साधारण सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर आकडी असते. सगळ्या जगातले संगणक अंदाज करीत बसले तरी ती सापडायची नाही. त्यातील गणिताची गंमत अशी की, सही खरी की खोटी हे कोणालाही पडताळता येते, पण सहीवरून किल्ली शोधून काढता येत नाही.

तेव्हा ‘माझ्या पाकिटात दोन बिटकॉइन आहेत’ हे म्हणणे बोलण्यापुरते खरे. पाकिटात धन नसते, किल्ली असते, धन वहीत. किल्ली हरवली तर धन नाहीसे होत नाही. ते वहीत जागच्या जागी राहते, साऱ्या जगाला दिसते, आणि कोणाच्याही हाताला लागत नाही. इंग्लंडच्या शेजारी वेल्समध्ये न्यूपोर्ट म्हणून शहर आहे. तेथील जेम्स हॉवेल्स नावाच्या गृहस्थांच्या संगणकाची एक जुनी चकती २०१३ साली कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली होती. कचऱ्याचा डोंगर उकरू द्या म्हणून त्यांनी नगरपालिकेकडे वर्षानुवर्षे धोसरा लावला, कोर्टाची पायरी चढले. २०२५ च्या जानेवारीत तेथील उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. धन आजही वहीत दिसते. किल्ली कचऱ्याच्या पोटात.

आमच्या लॉकर-विभागात एखाद्या खातेदाराची किल्ली हरवली तर तो घाबराघुबरा होऊन येई. आम्ही त्याला पाणी देत असू, अर्ज लिहून घेत असू, आणि एक दिवस ठरवून कारागीर बोलवून, साक्षीदारांसमोर कुलूप फोडून देत असू. खर्च त्याच्या माथी, पण ऐवज त्याच्या हाती. या नव्या धनाच्या बाबतीत असा कारागीर जगात कुठेही नाही. पुढचे सारे या एका गोष्टीवरून उलगडते.

दुसऱ्याच्या हाती किल्ली

एवढी जोखीम नको म्हणून बहुतेक लोक किल्ली स्वतःजवळ ठेवीतच नाहीत. ते ‘एक्स्चेंज’ नावाच्या पेढीवर खाते उघडतात, रुपये भरतात आणि त्यांना फोनवर आकडा दिसतो. किल्ली पेढीच्या ताब्यात. सोय मोठी, परवलीचा शब्द विसरला तर पेढी नवा देते. पण पेढी बुडाली, लुटली गेली किंवा लबाड निघाली म्हणजे?

तिन्ही प्रकार घडून गेले आहेत. तोकियोची माउंट गॉक्स ही एके काळची जगातील सर्वांत मोठी पेढी २०१४ च्या फेब्रुवारीत बंद पडली. साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ झाल्याचे तिने जाहीर केले. त्यांतले दोन लाख पुढे सापडले, बाकीचे गेले. कॅनडातील क्वाड्रिगा या पेढीचा तरुण संस्थापक २०१८ च्या डिसेंबरात आपल्या जयपुरात वारला, आणि किल्ल्या त्याच्या एकट्याजवळ होत्या असे ग्राहकांना सांगण्यात आले. लोक हळहळले. मग २०२० साली ऑंटारियोच्या रोखे आयोगाने चौकशीचा अहवाल दिला, त्यात निघाले की, किल्ल्यांची गोष्ट दुय्यम होती. ग्राहकांचे बरेचसे पैसे त्या गृहस्थाने हयातीतच उडवले होते. आपल्या मुंबईच्या वझीरएक्स या पेढीवर १८ जुलै २०२४ रोजी दरोडा पडला आणि सुमारे २३ कोटी डॉलरचा ऐवज गेला. तिचा बाजार पुन्हा सुरू व्हायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. तोवर खातेदार रोज फोन उघडून आकडा पाहत आणि फोन मिटून ठेवीत.

सगळ्याच पेढ्या वाईट असे मी म्हणत नाही. परंतु बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे छत्र असते. या पेढ्यांना तसले छत्र नाही, हे पैसे ठेवणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

प्रागचे दोघे

पेढीवर विश्वास नाही, आणि स्वतःच्या संगणकावर किल्ली ठेवावी तर तिथे चोर शिरतो. या कोंडीतून वाट काढली ती चेकोस्लोव्हाकिया म्हणून आपण पूर्वी ज्या देशाला ओळखत होतो, त्यातील आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीत, प्रागमध्ये.

मारेक पलाटिनस या तरुणाने २०१० साली बिटकॉइनची नोंद करणाऱ्यांचे एक मंडळ चालू केले होते. पुष्कळांनी आपापले संगणक जुंपायचे आणि मिळकत वाटून घ्यायची, असे त्याचे स्वरूप. त्या मंडळाचा हिशेब भाड्याने घेतलेल्या एका दूरच्या संगणकावर असे. २०१२ च्या मार्चमध्ये चोर त्या भाड्याच्या संगणकात शिरले आणि तीन हजारांवर बिटकॉइन घेऊन पसार झाले. तेव्हाच्या भावाने ती रक्कम पंधरा हजार डॉलरच्या आसपास होती. आजच्या भावाने ती सांगायची सोय नाही.

पलाटिनस आणि त्याचा मित्र पावोल रुस्नाक यांनी एक साधा विचार केला. संगणक म्हणजे चव्हाट्यावरचे घर. त्याला शंभर खिडक्या. कोण कुठून डोकावेल याचा नेम नाही. तेव्हा किल्ली अशा एका खोलीत ठेवावी की जिला खिडकीच नाही. त्यांनी एक चिमुकले यंत्र बनवले. ते महाजालाला स्वतः कधी जोडले जात नाही, त्यावर चित्रपट दिसत नाही की पत्र येत नाही. त्याला एकच काम येते, सही करणे. २०१४ साली ते बाजारात आले. त्याचे नाव ‘ट्रेझर’. चेक भाषेत या शब्दाचा अर्थ तिजोरी, आणि आपल्या कानालाही तो परका वाटत नाही. त्याच साली पॅरिसमध्ये ‘लेजर’ ही दुसरी कंपनी निघाली. लेजर म्हणजे खातेवही. एकीने तिजोरीचे नाव घेतले, दुसरीने वहीचे. आज अशी यंत्रे करणारे इतरही पुष्कळ आहेत.

कागद शिक्क्याकडे येतो

हे यंत्र करते काय, ते समजायला आपल्या जुन्या दफ्तराची आठवण उपयोगी पडेल. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रांच्या शेवटी ‘मोर्तब सुद’ असे असे. पत्र पुरे झाले, त्यावर शेवटचा शिक्का उठला, असा त्याचा अर्थ. मजकूर कोणी का लिहिना, शिक्का उठल्याखेरीज पत्राला मोल नाही. आणि शिक्का कारकुनाच्या घरोघर हिंडत नसे. तो धन्यापाशी किंवा धन्याच्या विश्वासातल्या माणसापाशी असे. कागद शिक्क्याकडे येई, शिक्का कागदाकडे जात नसे.

हार्डवेअर वॉलेटचे सारे तत्त्व एवढेच आहे. आपण संगणकावर किंवा फोनवर मसुदा लिहितो: अमुक पत्त्यावर अमुक इतके द्यावे. तो मसुदा तारेतून यंत्रात जातो. यंत्राला स्वतःचा बोटभर पडदा असतो. त्यावर पत्ता आणि रक्कम उमटते. आपण ती वाचायची आणि बटण दाबायचे. यंत्र आतल्या आत किल्लीने सही करते आणि फक्त सही बाहेर पाठवते. किल्ली यंत्रातच जन्मते आणि सही करूनही यंत्रातच राहते. संगणकाला कितीही रोग जडलेला असो, त्याला किल्ली दिसतच नाही. मग तो चोरील काय?

यंत्रच कोणी उचलून नेले तर? त्याला परवलीचे आकडे असतात. लेजरच्या यंत्रावर तीन वेळा चुकीचे आकडे दाबले की ते आपली पाटी आपणच पुसून टाकते. ट्रेझर दर चुकीगणिक अधिकाधिक वेळ थांबायला लावते आणि सोळाव्या चुकीला कोरे होते.

आता या यंत्राचा तो बोटभर पडदा. पुष्कळांना तो केवळ शोभेचा वाटतो. वास्तविक सारी भिस्त त्याच्यावरच आहे. संगणकाचा पडदा खोटे बोलू शकतो. आपण लिहिलेला पत्ता दाखवून यंत्राकडे चोराचा पत्ता पाठवू शकतो. खरे काय ते यंत्राच्या पडद्यावर. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी दुबईच्या बायबिट या पेढीतून सुमारे दीड अब्ज डॉलरचे ‘इथर’ चोरीला गेले. अमेरिकेच्या एफबीआयने त्याबद्दल उत्तर कोरियाकडे बोट दाखवले. तेथे किल्ल्या चोरीला गेल्याच नव्हत्या! सह्या करणारे जबाबदार लोक होते, सही करायची यंत्रेही त्यांच्या हातात होती. पण ज्या पानावर ते व्यवहार पाहत होते त्यात चोरांनी आधीच फेरफार करून ठेवला होता. पान एक सांगत होते. सही दुसऱ्याच मजकुरावर उठली. मजकूर न वाचता, किंवा वाचता न येण्याजोग्या आकड्यांवर, केलेल्या अशा सहीला त्या धंद्यात ‘आंधळी सही’ म्हणतात. मोर्तब अस्सल, कागद मात्र बनावट. आमच्या बँकेत वडीलधारे कॅशियर नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगत, ‘बाबा, सही करताना डोळे उघडे ठेव.’ तो उपदेश दीड अब्ज डॉलरचा होता हे आता कळते.

चोवीस शब्द

यंत्र पाण्यात पडले, कुत्र्याने चावले, जुने होऊन बंद पडले, तर? येथे या कल्पनेचा खरा गाभा येतो.

सत्त्याहत्तर आकडी संख्या माणसाने पाठ करायची कशी आणि बिनचूक उतरवायची कशी? यावर पलाटिनस, रुस्नाक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१३ साली तोड काढली. त्यांनी २०४८ साध्या इंग्रजी शब्दांची यादी केली. पहिला शब्द ‘ॲबँडन’, शेवटचा ‘झू’. कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरे सारखी नसतील, अशी काळजी घेतली. म्हणजे अक्षर किरटे असले तरी घोटाळा होऊ नये. यंत्र प्रथम चालू केले की ते त्या गुप्त संख्येचे रूपांतर या यादीतील बारा किंवा चोवीस शब्दांत करते आणि ते एकेक करून आपल्या पडद्यावर दाखवते. आपण ते क्रमवार कागदावर उतरून घ्यायचे. शेवटच्या शब्दात पडताळ्याची सोय असते. एखादा शब्द चुकला तर बहुतेक वेळा यंत्र ‘हिशेब जुळत नाही’ म्हणते.

हे शब्द हीच किल्ली. यंत्र फुटले तर नवे आणावे, बहुधा दुसऱ्या कंपनीचेही चालते. शब्द क्रमाने भरावे, की सारे खाते जसेच्या तसे उभे राहते. उलट, हे शब्द ज्याच्या हाती पडले त्याला यंत्राचीही गरज नाही, परवलीच्या आकड्यांचीही नाही. सारांश, हजारो रुपयांच्या त्या यंत्रापेक्षा त्याच्या डब्यातला कोरा कागद अधिक मोलाचा, आणि त्यावर शब्द लिहिले की तो तर सोन्याहून जपायचा.

म्हणून जाणकार काही पथ्ये सांगतात. शब्द हाताने लिहावे. त्यांचा फोटो काढू नये, कारण फोटो फोनमधून कुठे कुठे जातो याचा आपल्याला पत्ता नसतो. ई-मेलमध्ये, व्हॉट्सॲपवर, संगणकाच्या टिपणात ते ठेवू नयेत; ठेवले तर बिनखिडकीच्या खोलीला आपणच भगदाड पाडले म्हणायचे. दोन प्रती कराव्यात आणि दोन निरनिराळ्या जागी ठेवाव्यात. आग आणि पूर यांचे भय असेल त्यांच्यासाठी शब्द कोरायच्या पोलादी पट्ट्याही मिळतात. यंत्र थेट कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे, जुन्या बाजारातून घेऊ नये. आणि डब्यातच आधीपासून शब्द छापून आले असतील, तर ते यंत्र परत बांधून ठेवावे. ते शब्द चोरालाही पाठ असतात.

एक तालीम मात्र अवश्य करावी. प्रारंभी थोडीशीच रक्कम यंत्राच्या खात्यावर घ्यावी, मग यंत्र मुद्दाम कोरे करावे आणि कागदावरून शब्द भरून ती रक्कम परत दिसते का पाहावे. दिसली तर कागद खरा.

चोर कुठून येतो

अशी भिंत उभी राहिली म्हणजे चोर भिंतीवर डोके आपटीत नाही. तो घरधन्याला हाक मारतो. २०२० साली लेजर कंपनीच्या ग्राहकांची यादी चोरीला गेली, आणि डिसेंबरात सुमारे पावणेतीन लाख लोकांची नावे, घरचे पत्ते आणि फोन नंबर चव्हाट्यावर आले. किल्ल्या गेल्या नव्हत्या. पण या लोकांना पत्रे येऊ लागली, फोन येऊ लागले: तुमचे यंत्र धोक्यात आहे, खात्रीसाठी चोवीस शब्द कळवा. काहींच्या घरी तर नवीकोरी दिसणारी बनावट यंत्रे टपालाने आली. नियम सोपा आहे. शब्द विचारणारा माणूस, तो कोणीही असल्याचे सांगो, चोरच समजावा. कंपनीला ते शब्द कधीच लागत नाहीत.

यंत्र अभेद्य आहे असेही कोणी समजू नये. २०२० च्या जानेवारीत क्रॅकन या पेढीच्या तज्ज्ञांनी ट्रेझरचे यंत्र प्रत्यक्ष हाती आल्यावर पंधरा मिनिटांत त्यातील गुप्त मजकूर काढून दाखवला होता. त्यावर उपाय म्हणून चोवीस शब्दांच्या जोडीला आपल्या मनातला एक ज्यादा परवलीचा शब्द ठेवता येतो. तो यंत्रात साठवला जात नाही. शेवटी उरतो तो सर्वांत जुना प्रकार, दांडगाईचा. २०२५ च्या जानेवारीत लेजरच्या संस्थापकांपैकी एकाला फ्रान्समध्ये त्याच्या घरातून पळवून नेऊन चोरट्यांनी त्याचे बोट तोडले. पोलिसांनी त्याला सोडवले. आपल्याजवळ काय आहे हे चारचौघांत सांगू नये, ही आजीची शिकवण येथेही लागू आहे.

मागे राहणाऱ्यांचे काय

येथवरची सारी खबरदारी चोरासाठी झाली. पण माझ्या डोळ्यांपुढून जे हलत नाही ते निराळेच आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतील एक तरुण इंजिनिअर हृदयविकाराने गेला. वय अवघे एकोणचाळीस. तेरावा झाल्यावर त्याची बायको माझ्याकडे आली. सोसायटीत मला सगळे ‘लॉकरवाले काका’ म्हणतात, त्यामुळे कागदपत्रांच्या कामाला लोक येतात. विमा, भविष्यनिर्वाह निधी, बँकेची खाती, सारे काम आम्ही हळूहळू उरकले. मग तिने पदराआडून एक लहानसे यंत्र काढले. पासपोर्टाच्या पाकिटात सापडले, म्हणाली. पेनड्राइव्ह असेल म्हणून लावून पाहिला, तर तो आकडे मागतो.

मी म्हटले, ‘अगं, आता कोणतेही बटण दाबू नकोस. आधी एक कागद शोध. त्यावर इंग्रजी शब्द असतील, बारा किंवा चोवीस.’

तिने आणि तिच्या सासूने घर पालथे घातले. पुस्तकांची पाने, डायऱ्या, देवाच्या तसबिरीमागची जागा, रेशनकार्डाची पिशवी, मुलीच्या जुन्या वह्या. बँकेचा लॉकर उघडला. कागद नव्हता. तिच्या भावाने नवऱ्याचा लॅपटॉप चालू केला, तेव्हा त्या यंत्राच्या जोडीचा कार्यक्रम उघडला आणि त्यात खात्यावरची शिल्लक दिसली. मुलीचे पुढचे शिक्षण व्हावे एवढी ती होती. ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. मग मला म्हणाली, ‘काका, दिसतंय ना? मग मिळत का नाही?’

अठ्ठावीस वर्षांत लॉकरच्या काउंटरवर मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. तिथे वारस येत, दाखला आणीत, पंचनामा होई, ऐवज मिळे. येथे दाखला कोणाला दाखवायचा? २०२५ च्या ऑक्टोबरात मद्रास उच्च न्यायालयाने, असले चलन ही एक प्रकारची मालमत्ताच आहे, असे म्हटले आहे. तिच्या वारसाहक्काबद्दल कोणाचा वादही नव्हता. पण न्यायालय फार तर मालकी ठरवील. किल्ली कोठून देणार?

तो मुलगा निष्काळजी नव्हता. उलट, सांगितलेले प्रत्येक पथ्य त्याने पाळले असावे. फोटो काढला नाही, कोणाला सांगितले नाही, कागद अशा जागी ठेवला की चोराला सापडू नये. तो कोणालाच सापडला नाही. या तिजोरीचा पुरा धनी होणे म्हणजे बँक, पेढी, कारागीर, साक्षीदार या सर्वांचे काम एकट्याने अंगावर घेणे. ते त्याने घेतले. पण आपण नसताना ते कोण करील, एवढे ठरवायचे राहिले.

तेव्हा ज्यांच्या घरी असे यंत्र असेल त्यांना माझे सांगणे आहे. शब्द घरात सर्वांना वाचून दाखवा, असे मी म्हणणार नाही. माणूस भोळा असतो, आणि फोन करणारा गोड बोलतो. पण ते आहेत, ही गोष्ट निदान एका विश्वासाच्या माणसाला ठाऊक असू द्या. साध्या मराठीत एक पत्र लिहून ठेवा: यंत्र कोठे आहे, कागद कोठे आहे, तो कोणाला दाखवायचा नाही आणि प्रथम काय करायचे. हे पत्र मृत्युपत्राबरोबर ठेवा; शब्द मात्र मृत्युपत्रात लिहू नका, ते दहा जणांच्या हातून जाते. शब्दांचा कागद मोहरबंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येतो. त्या लॉकरला नामनिर्देशन केलेले असावे. खरेदीच्या तारखा आणि रकमा लिहून ठेवा, म्हणजे वारसाला कराच्या वेळी अडचण नको.

ज्यांना एकाच कागदाची धास्ती वाटते त्यांच्यासाठी आणखी एक तोड आहे. २०१९ पासून ट्रेझरच्या काही यंत्रांत एका कागदाऐवजी तीन चिठ्ठ्या करता येतात. त्यांतल्या कोणत्याही दोन एकत्र आल्या की किल्ली उघडते, एकीने काहीच होत नाही. एक पत्नीपाशी, एक भावापाशी, एक लॉकरमध्ये. हे वाचले तेव्हा मला हसू आले. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक खातेदाराची. दोघे एकत्र आल्याखेरीज दार उघडत नाही. नव्या जगातले हुशार लोक फिरून आमच्याच दारी आले म्हणायचे!

ती बाई ते यंत्र अजून जपून आहे. शिल्लक वहीत आहे तशीच आहे. एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही. एखाद्या दिवशी जुन्या पुस्तकातून कागद निघेल, या आशेवर तिने अजून रद्दी विकलेली नाही. या दिवाळीला आपल्या घरची साफसफाई करताना, ज्यांनी असा कागद लिहिला आहे त्यांनी तो कोठे आहे हे एकदा पाहून घ्यावे, आणि लक्ष्मीपूजन झाल्यावर, मुले अंगणात गेली म्हणजे, घरातल्या एका माणसाला जवळ बसवून सांगावे.